अंगणच वाकडं

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
९ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप भानूमावशीस,
उजव्या पायाचा साष्टांग नमस्कार. डावा सध्या रुसलाय, त्याचा नमस्कार नंतर पाठवते.

आधी भांडण. तू फोन का उचलत नाहीस? उचललास तरी "हो हो, सुखी राहा" म्हणतेस आणि धाडकन ठेवतेस. आई म्हणते, "भानूताईला फोन म्हणजे बिनशिस्तीचं काम वाटतं, तू पत्र लिही." मोबाइलवर मराठी टाइप करायला मला जमत नाही, आणि रोमनमध्ये लिहिलं की तू शिव्या घालतेस. म्हणून दहावीनंतर पहिल्यांदा पेन हातात धरलंय. शुद्धलेखन बघू नकोस, ते दिल्लीच्या शाळेचं आहे.

परवा मानेसरला एका गाड्यांच्या कारखान्यात दिवाळी मेळा होता. आमच्या मुरलीधर सरांचा ग्रुप म्हणजे तुला माहीतच आहे: आधी लावणी, मग कोळीनृत्य, मग पडद्यामागे धावत जाऊन घागरा चढवायचा की झालं राजस्थान. स्टेज म्हणजे गोडाऊनची सिमेंटची फरशी, वर लाल कार्पेट. आमच्या आधी कारखान्याच्या रोबोटने एक नट पिळून दाखवला. त्याला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या, यार.

डावी नडगी जरा दुखते. म्हणजे थोडीच. रात्री ठणकते, सकाळी लंगडते, दुपारी विसरते. ग्रुपमधल्या संपदाची तक्रार वेगळी आहे. नऊवारी एकदा चापूनचोपून नेसली, पिना मारल्या, की दिवसभर बाथरूमचं नाव काढायचं नाही, म्हणून आम्ही सगळ्या पाणीच पीत नाही. तिला आता लघवीला जळजळ होते. सर म्हणतात, "ये सब नाटक है." नाटकाचे पैसे वेगळे द्या म्हटलं तर फोन कानाला लावून बाहेर जातात.

आता मुद्दा. १८ जानेवारीला एका सरकारी खात्यात कलाकारांच्या कोट्यातून भरती आहे. एक जागा, लोकनृत्य. कायमची नोकरी, मावशी! नाचायचं आणि वर डॉक्टर, सुट्टी, पेन्शन. हे कळल्यापासून बाबा माझ्याशी नीट बोलायला लागलेत. मला तुझे चाळ हवेत. करोल बागेतले भाड्याचे घुंगरू म्हणजे रिकाम्या डब्यात चणे. पाठवशील?

तुझी,
अक्षता


फलटण
२२ ऑक्टोबर, पाडवा

चि. अक्षतेस दोन आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा पाकिटात मावत नाही, तो वीणाकडून वसूल कर. तिला म्हणावं, थोरल्या बहिणीचा निरोप आहे.

पाय दुखतो म्हणे! अगं बये, दुखणार नाही तर काय गुदगुल्या होतील? आम्ही सकाळी वडूजला, संध्याकाळी अकलूजला नाचलो, मधे टेंपोत झोपलो. पायानं कधी तक्रार केली नाही, आणि केली असती तर ऐकून कोण घेत होतं. तुमचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. तिळाचं तेल कोमट करून नडगीला चोळ, वर एरंडाचं पान बांध. एरंडाचं पान मिळत नसेल तर ती राजधानी कसली.

पाण्याचं तुम्हाला नवीन वाटतं होय? आम्ही कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून पाण्याला शिवत नव्हतो. खडीसाखरेचा खडा गालात धरायचा आणि चूळ भरून टाकायची. लुगडं नेसलेली बाई मधेच उठून गेली तर फडाची अब्रू जाते. तुझ्या संपदेला सांग, धने भिजवून ते पाणी पी.

आता चाळ. माझे चाळ म्हणजे काय भाजणीचा डबा आहे, पाठवून दे म्हणायला? मला लावणी शिकवणाऱ्या माझ्या बाईंनी स्वतःच्या हातानं माझ्या पायात बांधले ते. म्हणाल्या, "भानू, यातलं एक घुंगरू कमी करायचं नाही. वजन पेलेल तीच नाचेल." आजतागायत मी एक टाका उसवलेला नाही. माझ्यामागे ते तुलाच मिळायचेत, पण मी अजून आहे ना! आधी तुझा नाच बघीन, मग ठरवीन. व्हिडिओ पाठव. तो मला उघडता येतो, एवढी काही अडाणी नाही.

फोनचं म्हणशील तर मला तो प्रकारच आवडत नाही. माणसानं समोर बसावं नाहीतर पत्र लिहावं.

चकल्या यंदा बिघडल्या, म्हणून तुला पाठवल्या आहेत.

भानूमावशी


लक्ष्मीबाई नगर
१२ नोव्हेंबर

ती. मावशी,
चकल्या मिळाल्या. बाबांचा एक दात हलला, बाकी मस्त. नमस्कार.

तुला दिवाळीला फोन केला होता. मी विचारलं, "तुझा गुडघा कसा आहे?" तू म्हणालीस, "तुलापण, तुलापण," आणि ठेवलास. माझ्यावर चिडली आहेस का? चाळ मागितले म्हणून?

संपदा ॲडमिट आहे. जळजळ करता करता किडनीपर्यंत गेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पानी क्यों नहीं पीतीं?" संपदा म्हणाली, "साडी की वजह से." त्यांनी तिच्या डोक्याला मार लागलाय का तेही तपासलं. बरी आहे आता, पण पुढचा महिनाभर ग्रुपमध्ये एक घागरा रिकामा.

मीपण करोल बागेत एका हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नडगी दाबून बघितली आणि म्हणाले, "मैडम, फ़ौज में हैं?"
म्हटलं, "नहीं, लावणी में हूँ."
"ये कौन-सी यूनिट है?"
मला इतकं हसू आलं! म्हणे, हे दुखणं नव्या रंगरूटांना होतं, परेडमध्ये पाय आपटून आपटून. एक्स-रे बघितला, तोंड वाकडं केलं, गोळ्या दिल्या, आराम करा म्हणाले. मी हो म्हटलं. बाकी काही नाही. किरकोळ सूज.

हवा इतकी घाण झालीय की परवा छत्तरपूरला लग्नाच्या लॉनवर नाचताना मला समोरचा नवरदेव दिसत नव्हता. तिथलाच व्हिडिओ आज पाठवलाय. स्टेजमागच्या मोकळ्या जागेत संपदाच्या बहिणीने काढला. नीट बघ आणि चाळ पाठव ना. बिल्कुल जपून वापरीन.

अक्षता


फलटण
२१ नोव्हेंबर

अक्षे,

आशीर्वाद वगैरे शेवटी बघू. व्हिडिओ बघितला. चार वेळा बघितला, मग चष्मा पुसून पुन्हा बघितला.

ढोलकी फार छान वाजली आहे. कोण गं तो पोरगा? हात गोड आहे, धरून ठेव त्याला.

तू मात्र चोर आहेस. डावा पाय चोरतेस. उजवा पडतो तो टाच आणि चवडा मिळून दणकन पडतो, डावा नुसता भुईला विचारून परत येतो. गिरकी डावीकडून घ्यायची ती तू उजवीकडून घेतलीस आणि वर हसलीस, म्हणजे कुणाला कळू नये. इतरांना नसेल कळलं. मी तुझ्या वयाच्या पोरींचे पाय बघत म्हातारी झाले. आणि ते हसूसुद्धा दात आवळलेलं आहे.

किरकोळ सूज असली की माणूस पाय चोळतो, चोरत नाही. डॉक्टरनं तोंड वाकडं केलं ते कशाला? त्याची बायको आठवली म्हणून?

खरं काय ते लिही. तोवर चाळ पेटीतच राहतील.

भानूमावशी

ता. क. आशीर्वाद आहेतच.


लक्ष्मीबाई नगर
१ डिसेंबर

मावशी,

मी चोर? अच्छा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच ना?

त्या व्हिडिओत ढोलकी नाहीच आहे. शेजारच्या लॉनवर पंजाबी लग्नाचा डीजे धडधडत होता, आणि मी मनातल्या मनात ताल धरून नाचत होते. तू पाच वेळा बघितलास आणि तुला ढोलकी गोड वाटली! आईला दाखवलं तुझं पत्र. ती आधी हसली, मग एकदम खाली बसली. दिवाळीतलं "तुलापण, तुलापण" आम्हाला तेव्हा कळलं. फोन आवडत नाही म्हणे. मावशी, तुला ऐकू येत नाही. किती दिवस झाले? आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाहीस. आई तेव्हापासून स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटते आहे.

आता तू मला पकडलंसच आहेस तर घे. हाड तडकलंय. केसाएवढी भेग, डाव्या नडगीला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पाय आपटायचा नाही. आपटला तर पूर्ण मोडेल, मग आत सळई घालावी लागेल. सळई घालून लावणी होते का, मी विचारलं. ते म्हणाले, चालणं होतं.

आईबाबांना एवढंच माहितीये की मुरगळलाय. सांगितलंस तर बघ.

आणि मी १८ जानेवारीला नाचणार आहे. एकच लावणी. ग्रुपमधला एक भांगडावाला आहे, तो घेतो तसलं दुखणं मारायचं इंजेक्शन मिळतं, तासभर पाय आहे की नाही तेच कळत नाही. त्या एका तासाची गोष्ट आहे. मला ही जागा हवी आहे, मावशी. मुरलीधर सरांकडे पाय मोडला की दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी येते, तिला माझाच ब्लाउज देतात. सरकारी नोकरीत निदान आजारी पडायची परवानगी तरी आहे. त्यानंतर तीन महिने झोपून राहीन, शप्पथ.

चाळ नाही पाठवलेस तर भाड्याच्यावर नाचीन.

अक्षता


फलटण
९ डिसेंबर

अक्षता,

हो, मी बहिरी आहे. झालं समाधान?

कधीपासून ते मलाच सांगता येणार नाही. माझी जागा स्टेजवर डावीकडे. कर्णा माझ्या डाव्या कानाशी बांधलेला, उजवीकडे हलगीवाला. उभा जन्म त्या दोघांच्या मधे गेला. पण मला कळलंच नाही गं, कारण ढोलकी मला पायानं कळायची. आमचं स्टेज म्हणजे फळ्या, खाली मातीनं भरलेली पोती नाहीतर रिकामी पिंपं. थाप पडली की फळी थरथरायची, ती तळपायातून वर यायची. तुझ्या व्हिडिओतही मला ती दिसलीच. वाटलं, पोरगी तालात आहे म्हणजे ढोलकी वाजतच असणार.

आणि हे लिहिता लिहिता माझ्या डोक्यात उजेड पडला. फळी दबायची! पाय आपटला की फळी अर्धा दणका स्वतः खायची. तुमची सिमेंटची फरशी काय खाणार, दगड? सगळा दणका तुझ्या नडगीला. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्यानं काढली, तो मेला कधी सिमेंटवर नाचलेला नव्हता. पोरी, अंगणच वाकडं आहे तुमचं. मी तुला तेल चोळायला सांगितलं, ते तेल त्या मुरलीधराच्या टकलावर ओत.

आता सुईचं ऐक. उत्तरा म्हणून होती माझ्या जोडीची. पाय सुजलेला असताना अशीच सुई टोचून नाचली. त्या दिवशी तिला जेवढे वन्स मोअर मिळाले तेवढे मला जन्मात मिळाले नाहीत, मला हेवा वाटला होता. दुसऱ्या दिवशी पाय भुईला टेकेना. पुढे ती तंबूच्या दारात तिकिटं फाडायला बसली. आत माझे चाळ वाजायचे आणि ती दारातून आत बघायचीसुद्धा नाही. मला तू त्या दारात बसलेली नको आहेस. बाकी नोकरी गेली खड्ड्यात.

पण तू माझ्यावरच गेलीस, ऐकणार नाहीस, म्हणून सौदा करते. तुला लावणीच करून दाखवायची आहे ना? मग बसून कर. बैठकीची लावणी विसरलात वाटतं तुम्ही सगळे! आमच्या बाई तासतास बसून करायच्या. नुसते डोळे, भुवई, मनगट आणि पदर. समोरचा माणूस उठून पाणी प्यायला जायचा नाही. पायानं नाचणाऱ्या गल्लोगल्ली आहेत. मी तुला लिहून शिकवीन, तू व्हिडिओ पाठव. ऐकू येत नाही ते बरंच, माझं सगळं ध्यान तोंडाकडे राहील.

तू पाय आपटायचा नाहीस, सुई टोचायची नाहीस. मी साताऱ्याला जाऊन ते कानातलं यंत्र बसवून घेते, जे शेजारच्या डॉक्टरीणबाई वर्षभर माझ्या गळी उतरवताहेत. मला ते म्हातारीसारखं वाटतं. पण घालीन.

सौदा मोडलास तर चाळ विहिरीत टाकीन. आणि वीणाला हाडाचं मी आजच कळवलं आहे. बघ म्हणाली होतीस ना, बघते.

तुझी,
मावशी


लक्ष्मीबाई नगर
२४ डिसेंबर

ती. चुगलखोर मावशी,

आईने आधी रडून घेतलं, मग मला रागावली, मग तुला. बाबांनी माझे भाड्याचे घुंगरू ऑफिसच्या कपाटात नेऊन कुलूपबंद केले. सरकारी कपाट आहे, ते आता दोन सह्यांशिवाय उघडणार नाही.

तीन दिवस तुझ्याशी मनात भांडले. बसून? परीक्षकांसमोर? नाचायच्या जागेसाठी? मग चौथ्या दिवशी दार लावून आरशासमोर बसले. पहिल्या दिवशी मान आखडली, दुसऱ्या दिवशी कंबर. तुझी ही कला पण काही फुकट नाहीये हं, पाय वाचला तर बाकी सगळं दुखतं.

मानस ढोलकीला येतो. तो सोलापूरचा, करोल बागेत यूपीएससी करतो. प्रिलिम पुन्हा गेल्यापासून रोज येतो. म्हणतो, ढोलकीला निगेटिव्ह मार्किंग नाही.

सरांनी माझ्या जागी मुलगी घेतली. ब्लाउज माझाच दिला. मला वाटलं होतं तसंच झालं आणि तरी संध्याकाळभर रडले.

संपदा परत आली. तिने नऊवारी कंबरेला वेल्क्रो लावून शिवून घेतली आहे. एका ओढीत सुटते, एका ओढीत बसते, बाई आता बाटलीभर पाणी पिऊन स्टेजवर जाते. वाचून बेशुद्ध पडू नकोस.

तीन व्हिडिओ पाठवलेत. खरं खरं सांग. मला भीती वाटते, मावशी. पायाशिवाय माझ्याकडे काहीच नसलं तर?

अक्षता


फलटण
३ जानेवारी २०२६

अक्षे,

पहिला व्हिडिओ: पोळ्या लाटते आहेस असं वाटलं.

दुसरा: भुवई उडवतेस, डोळा मागे राहतो. आधी डोळा जाऊ दे, भुवई त्याची पाठराखीण आहे. रुसवा दाखवताना ओठ काढू नकोस, ते लहान पोरांनी करावं. नजर काढून घे, बास. दार लावलं की माणसाला कळतं आपण बाहेर आहोत.

तिसरा: मधे कुठेतरी तू पदर बोटाला गुंडाळलास आणि सोडलाच नाहीस. तो बघताना माझा चहा निवला. तेवढंच सांगते, नाहीतर डोक्यावर बसशील.

पायाशिवाय तुझ्याकडे काय आहे ते मला दिसलं. आता मूर्खासारखे प्रश्न विचारू नकोस.

साताऱ्याला जाऊन आले. कानाचं माप दिलं. वेल्क्रोबद्दल मला काही ऐकायचं नाही. पण मिळतो कुठे तो?

मावशी


लक्ष्मीबाई नगर
२० जानेवारी

ती. मावशीस दोन्ही पायांचा नमस्कार. दोन्ही आहेत, बघ.

स्टेज संगमरवरी होतं. चकचकीत, बर्फासारखं गार. माझ्या आधीच्या मुली अनवाणी त्यावर धाडधाड पाय आपटत होत्या आणि मला प्रत्येक दणका स्वतःच्या नडगीत लागत होता. विंगेत एक जण तीच सुई टोचून घेत होता, आमच्या ग्रुपमधला भांगडावाला. मलापण म्हणाला, "ले ले, यार, एक बची है." हात पुढे गेला होता, खोटं नाही सांगत. मग तुझी ती तिकिटं फाडणारी उत्तरा आठवली. मी हात मागे घेतला आणि गादी मागितली.

तिथला कारकून म्हणाला, "मैडम, डांस का ट्रायल है, सत्संग का नहीं." मी घरून नेलेली सतरंजी अंथरली आणि बसले. मानसने थाप दिली.

पहिल्या कडव्याला परीक्षक आपसात बोलत होते. दुसऱ्याला एक जण चहा ढवळत होता. रुसव्याच्या ओळीला मी नजर काढून घेतली, तू सांगितलीस तशी, आणि बघितलंच नाही वर. ढवळायचा आवाज थांबला. पुढे पदर बोटाला गुंडाळला आणि सोडला नाही. मावशी, मी नाचत होते! पाय मांडी घालून गप्प बसले होते आणि मी नाचत होते. असं मला आजपर्यंत कधी झालं नव्हतं.

झाल्यावर एक बाई म्हणाल्या, "बहुत सुंदर. अब खड़ी होकर कुछ दिखाइए." मी म्हटलं, नाही. हाड तडकलंय. "तो फिर..." म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

यादी त्याच संध्याकाळी लागली, निवड भांगडावाल्याची झाली. सुई चढल्यावर छतापर्यंत उडत होता. काल त्याचा फोन आला होता, गुडघा भोपळ्याएवढा झालाय, रुजू व्हायच्या वैद्यकीय तपासणीला जाऊ की नको विचारत होता. मी त्याला आमच्या फौजी डॉक्टरांचा पत्ता दिला.

मला वाईट वाटतंय. खूप. बाबा पुन्हा मुके झालेत. पण सकाळी अंथरुणातून उठले आणि पाय जमिनीवर टेकला तेव्हा ठणकला नाही, आणि मला रडू आलं, कशाचं ते मला पण नाही कळलं.

व्हिडिओ पाठवलाय, परीक्षेचाच. यंत्र आलं का?

अक्षता


फलटण
३ फेब्रुवारी

चि. अक्षतेस सगळे आशीर्वाद. शिल्लक काही ठेवलेले नाहीत.

यंत्र आलं. पहिले दोन दिवस वाटलं परत करावं. माझा पंखा करकरतो, दार किंचाळतं, मी स्वतः जेवताना मचमच करते, आणि शेजारीण मला अंगणात बघून काय पुटपुटते ते आता स्पष्ट ऐकू येतं. मीपण उत्तर दिलं. तिला धक्का बसला.

मग तुझा व्हिडिओ आवाजासकट बघितला. तुझ्याबद्दल पुढे लिहिते. त्या मानसच्या ढोलकीपेक्षा मात्र ती न वाजलेली ढोलकीच गोड होती. मुलाला अभ्यास करू दे. अधिकारीच होऊ दे त्याला.

तू बसलीस ते मी परत परत बघितलं. बाईंची आठवण झाली आणि मग झाली नाही, कारण ते बाईंचं नव्हतं, तुझंच होतं. त्या परीक्षकांना उभं राहायचं कळतं, बसायचं कळत नाही. मला अभिमान वाटला, आणि जागा गेली म्हणून संतापही आला. दोन्ही तुला कळवते.

त्यानंतर पेटी उघडली. म्हटलं, कान आलेत तर आपले चाळ आपण ऐकावेत. पायात बांधले, उभी राहिले, एक हलका ठेका दिला. आणि अक्षे, निम्मे वाजलेच नाहीत! एकेक घुंगरू कानाशी धरून हलवलं. कुणाची गोळी झिजलेली, कुणाची पडून गेलेली, कुणाला चीर. मुके मेले! किती वर्षं मुके होते देव जाणे. बाई म्हणायच्या वजन पेल, मी पेललं. गुडघे गेले, घोट्यांना घट्टे पडले, आणि निम्मं वजन नुसतं फुकट मिरवत होते. ऐकूच येत नव्हतं तर कळणार कसं? आधी हसले, मग तिथेच भुईवर बसून रडले. यंत्रामुळे माझं रडणंही मला ऐकू आलं. फार बेसूर रडते मी.

मग कात्री घेतली आणि सगळे मुके उसवून काढले. बाईंची आज्ञा मोडली. त्या वर आहेत, भेटल्यावर काय ते बघून घेईन. एक मुकं घुंगरू मांजरीच्या गळ्यात बांधलंय. तिच्या शिकारीला धोका नाही.

उरले ते पाठवते आहे. हलके झालेत, पण जे आहेत ते सगळे बोलतात. पायात बांधायचे ते हाड जुळलं असं तुझ्या फौजी डॉक्टरनं म्हटल्यावर, आणि खाली फळी असेल तिथेच. फळी नसेल तर बसायचं. आणि पाणी प्यायचं. वेल्क्रो लावलास तरी मी काही बोलणार नाही.

पार्सल उघडलंस की लगेच फोन कर. उचलीन. आधी काही बोलू नकोस. चाळ हातात धर आणि फोनजवळ नेऊन वाजव, मला ऐकू दे.

तुझी,
भानूमावशी